स्कॉटलंडच्या शेतशिवारातले कॅसल : कोणते पाहावेत आणि कसे पाहावेत

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. मे महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडे स्कॉटलंडसाठी आठ दिवस आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि बारा वर्षांची मुलगी आहे. गाडी भाड्याने घेऊन एडिंबरा, स्टर्लिंग, आयलन डोनन, स्काय बेट आणि इनव्हर्नेस असा फेरा त्यांनी आखला आहे. या फेऱ्यात जुने कॅसल आणि ग्रामीण भाग शांतपणे पाहून होईल का, शेतांमधून चालण्याची मुभा असते का, आणि शाकाहारी मंडळींची सोय कशी लावावी, असे त्यांनी विचारले आहे. मी अबर्डीन परिसरात बरीच वर्षे राहतो आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांना या भागात घेऊन फिरतो, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

आपला फेरा नकाशावर सुटसुटीत दिसत असला, तरी आठांपैकी निम्म्याहून अधिक दिवस गाडीतच जातील आणि प्रत्येक कॅसलच्या वाट्याला घाईगर्दीचा तासभर येईल. शिवाय छायाचित्रांमुळे सर्वांना ओढ असते त्या आयलन डोननची मूळ वास्तू १७१९ मध्ये दारूगोळ्याने उडवण्यात आली होती आणि आज उभा आहे तो कॅसल विसाव्या शतकात नव्याने बांधून १९३२ मध्ये पुरा झालेला आहे. जागा अतिशय सुंदर आहे, यात शंका नाही. पण ज्यांना जुनी वास्तू आणि तिच्या भोवतालचे शेतीचे जग एकत्र पाहायचे आहे, त्यांनी त्यासाठी एवढा प्रवास करावा असे मला वाटत नाही. माझी स्पष्ट शिफारस अशी आहे की आपण स्काय आणि इनव्हर्नेस या खेपेला वगळावे, एडिंबरात एक-दोन दिवस घालवून रेल्वेने सुमारे अडीच तासांत अबर्डीनला यावे, गाडी तिथे घ्यावी आणि उरलेले सर्व दिवस अबर्डीनशर या एकाच परगण्यात राहावे.

याचे कारण असे की डी आणि डॉन या दोन नद्यांच्या खोऱ्यांत आणि त्यांच्या उत्तरेच्या सखल पट्ट्यात कॅसलांची जेवढी दाटी आहे, तेवढी ब्रिटनमध्ये क्वचितच कुठे आढळेल. पडक्या अवशेषांपासून नांदत्या घरांपर्यंत त्यांची संख्या अडीचशेच्या वर सांगितली जाते. आणि हा सगळा प्रदेश शेतीचा आहे. माल्टसाठी लागणारे सातू, ओट, बटाटा, जनावरांच्या चाऱ्याचे सलगम आणि काळ्याभोर, बिनशिंगी अबर्डीन अँगस गुरांची कुरणे यांनी तो व्यापलेला आहे. रस्त्याकडेला तपकिरी पाट्या लावून ‘कॅसल ट्रेल’ नावाचा मार्गही इथे आखून दिलेला आहे, पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा करण्याच्या मागे लागू नये. दिवसाला एक मोठा कॅसल आणि फार तर एखादा लहान अवशेष, यापलीकडे गेले की सगळे जिने आणि सगळी दालने डोक्यात एकमेकांत मिसळतात.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाची इथे सुरुवातीला निराशा होते, ती टाळण्यासाठी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. रायगड-राजगडाची उंची, तट, माच्या आणि पाण्याची टाकी इथे शोधू नयेत. अबर्डीनशरमधले बहुसंख्य कॅसल सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या जमीनदारांची मनोरानुमा राहती घरे आहेत. आपल्याकडच्या देशमुख-पाटलांच्या गढीशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. शेजारच्या घराण्याशी वैर असे, दरोड्याची भीती असे, म्हणून भिंती जाड, दार एकच आणि त्याच्या आत ‘येट’ नावाचे लोखंडी गजांचे जाळीदार फाटक. पण दीर्घ वेढा सोसण्यासाठी ही घरे बांधलेली नव्हती. तळमजल्यावर दगडी कमानीच्या छताची अंधारी कोठारे, वर मोठे दालन, त्यावर शयनगृहे आणि माथ्याशी कोपऱ्याकोपऱ्यातून बाहेर आलेले छोटे गोल बुरूज, अशी रचना बहुतेक ठिकाणी दिसेल.

त्या तळमजल्यावर लोक फार थांबत नाहीत, तिथे मी मुद्दाम थांबायला सांगतो. जुन्या काळी या भागातली कुळे खंडाचा मोठा भाग रोखीत न देता ओटचे पीठ, सातू आणि कोंबड्या अशा जिनसांत भरत असत. म्हणजे ती कोठारे भरली की वरच्या दालनातली मेजवानी, रंगवलेली छते आणि परदेशातून आणलेले सामान परवडत असे. कोठाराच्या बारीक झरोक्यातून बाहेर पाहिले की जे शिवार दिसते, त्याच शिवाराने ती वास्तू उभी केलेली असते. कॅसल पाहून थेट गाडीत बसणाऱ्यांच्या लक्षात हा संबंध येत नाही, म्हणूनच मुक्काम गावातल्या हॉटेलात न करता शेतावरच्या घरात करावा आणि कॅसलच्या भोवतालच्या वाटांवर तासभर चालावे, असा माझा आग्रह असतो.

मुक्कामाचे दोन तळ पुरेत. पहिला तळ डॉनच्या खोऱ्यात ॲल्फर्ड या गावाजवळ असावा. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘आफर्ड’ असा करतात. याच गावाजवळच्या टिलीफूर येथे विल्यम मॅकॉम्बी या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकात अबर्डीन अँगस जातीच्या गुरांची जोपासना करून तिला नाव मिळवून दिले. इथून साधारण दहा किलोमीटरवर क्रेगीव्हार आहे, आणि एकच कॅसल पाहायचा असेल तर मी हा पाहायला सांगेन. विल्यम फोर्ब्स या व्यापाऱ्याने तो १६२६ मध्ये पुरा केला. बाल्टिक समुद्रावरच्या बंदरांशी व्यापार करून त्याने पैसा मिळवला होता आणि त्यामुळे लोक त्याला ‘डॅन्झिग विली’ म्हणत. व्यापारातला पैसा जमिनीत घालायचा आणि जमिनीवर घराण्याचे नाव लावायचे, ही त्या काळची रीत होती.

क्रेगीव्हार गुलाबी आहे, आणि त्याचा गुलाबीपणा जवळून पाहण्यासारखा आहे. इथल्या भिंती ओबडधोबड दगडांच्या असतात आणि त्यांना ‘हार्लिंग’ नावाचा चुन्याचा गिलावा केला जातो. चुना, वाळू आणि बारीक खडी यांचे मिश्रण थापीने भिंतीवर फेकून मारतात, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत राहतो, पावसाचे पाणी त्यावर पसरते आणि पाऊस थांबला की वाऱ्याने वाळून जाते. चुना ओलावा आत घेतो आणि परत बाहेर सोडतो. विसाव्या शतकात सिमेंट मिसळलेला गिलावा वापरला गेला तेव्हा ओल आत अडकून राहू लागली. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने अलीकडे दुरुस्तीचे मोठे काम हाती घेतले, भिंतींना पुन्हा गुलाबी चुन्याचा रंग दिला, आणि २०२४ मध्ये कॅसल लोकांसाठी परत खुला केला. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून पाहिले तर खडीचा प्रत्येक दाणा रंगाखाली उठून दिसतो. आणि मान वर केली की खालच्या साध्या, मोजक्याच खिडक्यांच्या भिंतीतून वरचे सगळे बुरूज फांद्या फुटाव्यात तसे बाहेर येतात. ही सारी सजावट माथ्याशीच ठेवलेली आहे, कारण खालचा भाग संरक्षणासाठी आणि वरचा भाग दुरून दिसण्यासाठी होता.

आत मार्गदर्शकासोबतच जाता येते आणि आठवड्यातले सर्वच दिवस तो खुला नसतो, म्हणून इथली वेळ आधी नक्की करून मग बाकीच्या दिवसांची आखणी करावी. मोठ्या दालनातले चुनागच्चीचे छत आणि शेकोटीवरचे भव्य राजचिन्ह चुकवू नये. जिन्याच्या वरच्या बाजूला घराण्याच्या चिन्हाखाली ‘झोपलेल्या कुत्र्यांना उठवू नका’ अशा अर्थाचे जुन्या स्कॉट्स भाषेतले वाक्य कोरलेले आहे, ते मुलीला शोधायला सांगावे. जिना मात्र अरुंद आणि गोल आहे. वडिलांच्या किंवा आईंच्या गुडघ्यांचा त्रास असेल, तर त्यांनी बाहेरच्या हिरवळीवर बसून वास्तू पाहणेच बरे; बाहेरून पाहण्यातही या कॅसलची निम्मी गोडी आहे.

ॲल्फर्डहून पश्चिमेला डॉन नदीच्या काठाने वर गेले की सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवर किल्ड्रमी लागतो. हा तेराव्या शतकातला आणि खऱ्या अर्थाने लढाऊ किल्ला. १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाऊ नील याने इथे इंग्रज सैन्याचा वेढा सोसला, आणि एका लोहाराने सोन्याच्या लोभाने आत आग लावून किल्ला पाडला अशी कथा सांगतात. कथेचा शेवट असा की विजयी सैन्याने त्याला कबूल केलेले सोने वितळवून त्याच्या घशात ओतले. पुढे १७१५ च्या जॅकोबाइट बंडाचा, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडाचा, नेता मारचा अर्ल याचे हे ठाणे होते आणि बंड फसल्यावर किल्ला मोडून टाकण्यात आला. त्यानंतर आसपासच्या लोकांनी त्याचे दगड बांधकामाला नेले. आज गवतावर पायाच्या रेषा, काही भिंती आणि किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराच्या उंच खिडक्या उरल्या आहेत. जमीन बरीचशी सपाट असल्यामुळे ज्येष्ठांना इथे सावकाश फिरता येते.

याच रस्त्याने आणखी वर, स्ट्रॅथडॉन भागात, मराठी माणसाने थोडा वेळ काढावा अशी एक जागा आहे, जरी तिथे आता पाहण्यासारखी इमारत उरलेली नाही. या खोऱ्यातला जॉन फोर्ब्स अठराव्या शतकात मुंबईला गेला आणि १७६७ मध्ये त्याने जी व्यापारी पेढी काढली, ती फोर्ब्स अँड कंपनी या नावाने पुढे चालू राहिली. गावाकडे त्याला ‘बॉम्बे जॉक’ म्हणत. मुंबईच्या व्यापारातल्या पैशातून त्याने घराण्याची न्यू नावाची जहागीर परत विकत घेतली. त्याचा पुतण्या सर चार्ल्स फोर्ब्स यानेही मुंबईतच संपत्ती मिळवली. त्याचा संगमरवरी पुतळा आजही मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत उभा आहे, आणि फोर्टमधला आजचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग पूर्वी फोर्ब्स स्ट्रीट म्हणून ओळखला जाई. चार्ल्सने इथे १८३१ मध्ये बांधलेला कॅसल न्यू १९२७ मध्ये पाडण्यात आला. त्याने १८२३ मध्ये स्थापन केलेली लोनाख नावाची स्थानिक संस्था मात्र टिकून आहे आणि दर ऑगस्टमध्ये तिचा मेळावा भरतो. आपण मे महिन्यात जात असल्यामुळे मेळावा दिसणार नाही. पण मुंबईच्या कापसाचा, बंदराचा आणि सावकारीचा पैसा एका स्कॉटिश खोऱ्याच्या मातीत कसा मुरला, हे त्या उतारांकडे पाहताना माहीत असावे.

रस्त्याच्या शेवटी कॉर्गार्फ आहे. पांढरा गिलावा केलेला एकटाच मनोरा, त्याभोवती ताऱ्याच्या आकाराची भिंत, आणि चहूबाजूंना हेदर या खुरट्या झुडपाचे उजाड माळ. जॅकोबाइटांचा अखेरचा पराभव झालेल्या कलोडनच्या लढाईनंतर, १७४८ मध्ये सैन्याने त्याची छावणी केली. पुढे बेकायदा व्हिस्की गाळून डोंगरातून नेणाऱ्यांना पकडण्यासाठीही इथे शिपाई ठेवले जात. शेतीची शेवटची रेघ इथे संपते आणि मोकळा डोंगर सुरू होतो. गाडीतळापासून चढ तीव्र आहे, हे आईवडिलांसाठी लक्षात ठेवावे.

दुसरा तळ उत्तरेकडे, टार्व्स किंवा ओल्डमेल्ड्रम या गावांजवळ घ्यावा. इथली जमीन उघडी, लाटांसारखी उतरती आणि अधिक सुपीक आहे. टोलहून हा अर्धवट पडका कॅसल इथे आहे, आणि सर्व पडक्या कॅसलांमध्ये मला तो सर्वांत प्रिय आहे. दर्शनी दरवाजाजवळच्या शिलालेखात मालकाने लिहून ठेवले आहे की जुना मनोरा सोडून हे सर्व काम विल्यम फोर्ब्सने १५ एप्रिल १५८४ रोजी सुरू केले आणि २० ऑक्टोबर १५८९ रोजी पुरे केले. हा विल्यम फोर्ब्स क्रेगीव्हारचा नव्हे. त्या काळी या भागात फोर्ब्स फार. दरवाजाचे दोन गोल बुरूज आणि त्यातली बंदुकीची भोके दुरून दरारा वाटेल अशी आहेत, पण जवळ गेल्यावर भिंती पातळ आहेत हे कळते. पाहुण्यावर छाप पाडणे हाच त्यांचा हेतू होता. आतल्या चौकात उभे राहिले की स्वयंपाकघर, कोठार, मालकाचे दालन आणि नोकरांचे जिने यांचा परस्परसंबंध इतका स्पष्ट दिसतो की जतन केलेल्या, सामानाने भरलेल्या कॅसलमध्येही तो तसा उमगत नाही. त्याच मालकाची कोरीव समाधी टार्व्सच्या चर्चच्या आवारात आहे.

टोलहूनपासून अगदी जवळ पिटमेडनची बाग आहे. १६७५ मध्ये आखलेल्या या भिंतबंद बागेत बॉक्स नावाच्या झुडपांच्या कातरलेल्या कुंपणांची भौमितिक नक्षी आहे, पण त्याच आवारातले शेतीजीवनाचे संग्रहालय मला अधिक महत्त्वाचे वाटते. कॅसलच्या कथांमध्ये ज्यांचे नाव येत नाही, त्यांची अवजारे, खाटा आणि पेट्या तिथे ठेवल्या आहेत. ईशान्य स्कॉटलंडमध्ये अविवाहित शेतगडी सहा महिन्यांच्या कराराने मोठ्या शेतावर राहत, करार संपला की मजूरबाजारात उभे राहून नवा मालक शोधत, आणि गोठ्याशेजारच्या ‘चॉमर’ नावाच्या खोलीत झोपत. त्यांची गाणी, मालकाच्या चिकूपणावर आणि घोड्यांच्या गुणांवर रचलेली, या भागात अजून गायली जातात. हे पाहून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिंटलॉजवळच्या एडन उद्यानातले शेती संग्रहालयही पाहावे. तिथे हेअरशो नावाचे एक अख्खे शेतघर मूळ जागेवरून उचलून पुन्हा उभे केले आहे. बारा वर्षांच्या मुलीला ही दोन्ही ठिकाणे कॅसलइतकीच आवडतील, असा माझा अनुभव आहे.

या शिवारात फिरताना दगडी बांधांकडे लक्ष द्यावे. अठराव्या शतकापर्यंत ही जमीन बव्हंशी झाडाविना, दगडगोट्यांनी भरलेली आणि पाणथळ होती. मॉनिमस्कचा जमीनदार सर आर्चिबाल्ड ग्रँट याच्यासारख्यांनी लाखो झाडे लावली, चर खणून पाणी काढले, नवी पिके आणली. पण दगड वेचण्याचे काम कुळांनी आणि मजुरांनी केले. कुळाला बहुधा १९ वर्षांचा भाडेपट्टा मिळे. त्या अवधीत त्याने जमीन साफ करायची, आणि पट्टा संपला की सुधारलेल्या जमिनीचा खंड वाढायचा. अबर्डीनच्या सीमेवर किंग्जवेल्स येथे शेतातून निघालेले दगड ठेवायला जागा उरली नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक बांध रचला गेला. तो सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि एखाद्या रस्त्याइतका रुंद आहे. त्याच्या माथ्यावरून चालता येते. एकेक दगड हाताने उचलून आणलेला आहे हे ध्यानात घेऊन त्यावरून चालावे. बेनाखी डोंगराच्या उतारावरही अशीच एक वस्ती होती. भूमिहीन कुटुंबांनी सामायिक रानात घरे बांधून जमीन लागवडीखाली आणली, आणि १८५९ मध्ये शेजारच्या जमीनदारांनी ते रान आपसात वाटून घेतले. त्या घरांच्या जोत्यांपर्यंत आखीव पायवाट जाते. तब्येतीने धडधाकट मंडळींनी तिथून ५१८ मीटर उंचीच्या मिदर टॅप या शिखरावर चढावे. वर जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत आणि खाली हा सगळा प्रदेश पसरलेला दिसतो.

आईवडिलांसाठी सर्वांत सोयीचा दिवस डी नदीकाठी जाईल. क्रॅथेस आणि ड्रम हे दोन कॅसल एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. दोन्ही जमिनी रॉबर्ट ब्रूसने १३२३ मध्ये आपल्या विश्वासू माणसांना दिल्या. क्रॅथेसची बर्नेट घराण्याला, ड्रमची अर्व्हिन घराण्याला, आणि अर्व्हिनांच्या चोवीस पिढ्या ड्रममध्ये नांदल्या. ड्रमचा जाड, चौकोनी मनोरा या भागातल्या सर्वांत जुन्या मनोऱ्यांपैकी आहे. क्रॅथेसची छते मात्र विसरता येणार नाहीत. सोळाव्या शतकाच्या शेवटाला लाकडी तुळया आणि फळ्या यांवर थेट रंगकाम केलेले आहे, आणि एका दालनात हेक्टर, अलेक्झांडर, सीझर अशा नऊ वीरांची चित्रे त्यांच्याविषयीच्या पद्यपंक्तींसह रंगवलेली आहेत. जिन्यात एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची ठेवलेली आहे. अंधारात घुसलेला अनोळखी माणूस तिथे अडखळावा हा उद्देश. वर न चढणाऱ्यांसाठी भिंतबंद बाग आहे, तिच्यातली यू झाडांची कातरलेली कुंपणे १७०२ पासूनची आहेत, आणि मेअखेरीस ती बाग बहरात असते.

डनॉटर समुद्रकाठी, स्टोनहेव्हनच्या दक्षिणेला आहे. कड्यावरचा हा अवशेष छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झाला आहे, पण त्याचा इतिहास चित्रापेक्षा मोठा आहे. राजेशाही उलथवणाऱ्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने स्कॉटलंड जिंकले तेव्हा राजमुकुट, राजदंड आणि तलवार इथे लपवली होती. १६५२ मध्ये किल्ला पडण्यापूर्वी ती बाहेर काढून किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरण्यात आली आणि १६६० मध्ये राजसत्ता परत येईपर्यंत तिथेच राहिली. धर्मगुरू जेम्स ग्रेंजर आणि त्याची पत्नी क्रिस्टियन फ्लेचर यांनी ती जपली. हीच राजचिन्हे आपण एडिंबराच्या किल्ल्यात पाहाल, त्यामुळे डनॉटरनंतर किनेफच्या त्या शांत, लहान चर्चमध्ये जाऊन यावे. सभोवती आजही शेतेच आहेत. याच डनॉटरमध्ये १६८५ साली धर्माच्या कारणावरून १६७ स्त्रीपुरुषांना एका तळघरात कोंडले होते, तेही दालन दाखवतात. आत जाण्यासाठी दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून पुन्हा चढावे लागते, म्हणून ज्येष्ठांनी कड्यावरूनच दर्शन घ्यावे. सकाळी ‘हार’ नावाचे समुद्री धुके आले असेल तर काहीच दिसत नाही. अशा वेळी बेत बदलून आतल्या खोऱ्यात जावे, कारण किनाऱ्यावर धुके असताना काही मैलांवर बहुधा स्वच्छ ऊन असते.

शेतातून चालण्याविषयी. स्कॉटलंडमध्ये २००३ चा भूसुधारणा कायदा आहे आणि त्याचे प्रवेशहक्क २००५ पासून लागू आहेत. त्यानुसार बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर, मालकाची परवानगी न घेता, पायी किंवा सायकलने जाता येते. इंग्लंडपेक्षा हा हक्क कितीतरी व्यापक आहे. पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे आणि त्या अटी शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित आहेत. उभ्या पिकातून चालू नये, कडेच्या न पेरलेल्या पट्ट्यातून जावे. कापणीला आलेले गवत हेही पीकच असते, आणि मेअखेरीस ते नेमके गुडघाभर वाढलेले असते. आपल्या डोळ्यांना ते रान वाटते, शेतकऱ्याला मात्र तो हिवाळ्यातला चारा दिसतो. घराचे अंगण आणि गोठ्याचे आवार यांना हा हक्क लागू नाही. फाटक जसे असेल तसेच सोडावे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. वासरे सोबत असलेल्या गाईंच्या कळपातून कधीही जाऊ नये, गाय शांत दिसली तरीही. लांबचा वळसा घ्यावा किंवा दुसरे शेत निवडावे. कोकरांना हात लावायचा मोह मुलांना होतो, तो आवरावा, आणि उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना हे रोज संध्याकाळी तपासावे, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. चालताना कोणी शेतकरी भेटला तर थांबून बोलावे. इथली डोरिक बोली प्रथम कळत नाही, पण ‘फिट लाइक?’ असे त्याने विचारले तर तो आपली खुशाली विचारत आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी संवाद सुरू होतो.

गाडीचे फार अवघड नाही. वाहतूक डावीकडून आहे आणि पाहुण्यांना भारतीय परवान्यावर वर्षभर चालवता येते. ऑटोमॅटिक गाडी मात्र आधी सांगून ठेवावी. एकपदरी रस्त्यांवर ठिकठिकाणी गाडी बाजूला घेण्याच्या जागा असतात. समोरून वाहन आले की आपल्या डावीकडच्या अशा जागेत शिरावे. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबावे, म्हणजे समोरचा तिच्यात शिरून पुढे जातो. मागे कोणी खोळंबले असेल तर त्यालाही वाट द्यावी, आणि छायाचित्रासाठी त्या जागेत गाडी कधीही उभी करू नये. ट्रॅक्टरमागे अडकलात तर धीर धरावा, जागा मिळताच तो स्वतः बाजूला होतो. मद्यपानाची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, म्हणून चालकाने व्हिस्कीच्या भट्टीत चवसुद्धा घेऊ नये.

शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेले शेतघर भाड्याने घ्यावे. डाळ-तांदूळ आणि मसाला अबर्डीनमध्ये भरून घेता येतो, बटाटे, अंडी, चीज आणि भाज्या गावोगावच्या शेतमालाच्या दुकानांत ताज्या मिळतात. कॅसलच्या उपाहारगृहांत बहुधा एखादे शाकाहारी सूप आणि स्कोन मिळतो, पण सूप कशाच्या पाण्यात केले आहे हे विचारावे. ‘बटरी’ किंवा ‘रोवी’ नावाचा खारट, चपटा पाव ही इथली खासियत आहे. नावात लोणी असले तरी परंपरेने त्यात डुकराची चरबी घालतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नये. हॅगिस हा स्कॉटलंडचा मूळचा मांसाहारी पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस मात्र सहज मिळतो आणि ओट व डाळींचा असल्याने आपल्या जिभेला रुचतो.

मेअखेरीचा काळ आपण चांगला निवडला आहे. रात्री साडेनऊच्या पुढेही उजेड असतो, गॉर्सची पिवळी झुडपे फुललेली असतात, सातूचे शेत हिरवे आणि मोहरीच्या जातीच्या रेपचे पिवळे झालेले असते. थंडी मात्र गृहीत धरावी आणि सर्वांसाठी पावसाळी जाकीट न्यावे. तिकिटांच्या बाबतीत क्रेगीव्हार, क्रॅथेस, ड्रम आणि पिटमेडन नॅशनल ट्रस्टकडे आहेत. किल्ड्रमी, टोलहून आणि कॉर्गार्फ हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे. डनॉटर खासगी आहे. एडिंबराचा किल्लाही सरकारी संस्थेकडे असल्यामुळे तिचा अनेक स्थळांचा पास घेतला तर बहुधा फायद्याचा ठरतो. दगडकामाच्या तपासणीसाठी काही अवशेष अधूनमधून अंशतः बंद असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक स्थळाची वेळ संकेतस्थळावर पुन्हा पाहावी, आणि क्रेगीव्हारची जागा मिळाली नाही तर त्या दिवशी जवळचा कॅसल फ्रेझर घ्यावा. तोही ट्रस्टकडे आहे, त्याची बांधणी १५७५ ते १६३६ अशी चालली, आणि तिथे मोठ्या दालनातले बोलणे गुपचूप ऐकण्यासाठी भिंतीच्या जाडीत केलेली लहानशी कोठडी मुलीला नक्की दाखवावी.